डोक्यावर छप्पर नसताना मासिक पाळी कशी सांभाळावी

घरात असताना पाळीच्या दिवसांत ज्यांची कधी मोजदादही होत नाही अशा चार गोष्टी आहेत : आतून कडी लागणारे दार, वाहते पाणी, ओले कापड वाळत घालण्याची जागा आणि वापरलेला पॅड टाकण्यासाठी झाकणाची कचरापेटी. घर सुटले की या चारही एकाच दिवशी हातच्या जातात. त्यामानाने पॅड मिळणे सोपे असते, कारण ते कोणीतरी देऊ शकते. दार मात्र कोणी पिशवीत घालून देत नाही. म्हणूनच या लेखात आधी जागेचा, मग साधनांचा आणि त्यानंतर दुखण्याखुपण्याचा विचार केला आहे. रस्त्यावर, स्थानकात, गाडीत, रात्रनिवाऱ्यात किंवा ओळखीच्यांकडे आज इथे तर उद्या तिथे असे दिवस काढताना जिला पहिल्यांदाच पाळीला तोंड द्यावे लागणार आहे, तिच्यासाठी ही माहिती आहे.

पाळी नसताना जागा हेरून ठेवा

अंगावरून जाऊ लागल्यावर स्वच्छतागृह शोधायला निघणे ही पहिल्या महिन्यात हमखास होणारी चूक आहे. पाळी नसलेल्या एखाद्या दिवशी, घाई नसताना, तुमचा वावर असतो त्या भागात एक फेरी मारावी आणि प्रत्येक स्वच्छतागृहात काही गोष्टी मुद्दाम पाहून घ्याव्यात : ते किती वाजता उघडते आणि किती वाजता बंद होते, दाराची कडी खरोखर लागते का, नळ दाराच्या आत आहे की सर्वांसमोर बाहेर, पिशवी टांगायला खुंटी आहे का, कचरापेटी आहे का, आणि आत जाण्यासाठी पैसे द्यावे लागतात का. सार्वजनिक वाचनालये, रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग, रेल्वे आणि बसची स्थानके, प्रार्थनास्थळे, पेट्रोलपंप आणि दिवसा चालणारी मदत केंद्रे ही पाहण्यासारखी ठिकाणे आहेत. त्यांतही वाचनालय आणि रुग्णालय मी वर ठेवीन, कारण तेथे एखादी व्यक्ती बराच वेळ बसून राहिली तरी सहसा कोणी जाब विचारत नाही.

अपंग व्यक्तींसाठी असलेल्या स्वच्छतागृहात बहुधा भांडे, नळ आणि बेसिन एकाच बंद खोलीत असतात, आणि पाळीत नेमके हेच हवे असते. अशी खोली मोकळी असेल आणि ती वापरण्यास मनाई नसेल तर संकोच करण्याचे कारण नाही. बाहेर व्हीलचेअरवर कोणी थांबले असेल तर अर्थातच त्यांना आधी जाऊ द्यावे. पाळी येणाऱ्या ट्रान्स पुरुषांनाही (जन्मावेळी मुलगी ठरवले गेलेल्या, पण पुरुष म्हणून जगणाऱ्यांना) हीच खोली सर्वात सोयीची पडते, कारण पुरुषांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला पेटी जवळजवळ कधीच नसते.

फेरी झाली की दिवसाचे निदान तीन थांबे ठरवावेत : सकाळी उघडल्याबरोबरचा, दुपारचा आणि रात्री बंद होण्यापूर्वीचा शेवटचा. शेवटचे स्वच्छतागृह रात्री दहाला बंद होत असेल आणि पहिले सकाळी सहाला उघडत असेल, तर मधले आठ तास तुम्हाला दाराविना काढायचे आहेत. पुढची सारी निवड या आकड्यावर अवलंबून आहे, म्हणून तो आधी काढावा.

तारीख हाताशी ठेवा

घर सुटल्यावर वार आणि तारीख यांचे भान सुटणे फार सहज घडते. पाळी सुरू झाली त्या दिवसाला पहिला दिवस धरून तो फोनमध्ये, कागदावर किंवा पिशवीच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवावा. प्रौढ वयात दोन पाळ्यांमध्ये साधारण 21 ते 35 दिवसांचे अंतर असते आणि रक्तस्राव दोन ते सात दिवस चालतो. किशोरवयात हे अंतर 45 दिवसांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे आधीच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून तीन आठवडे झाले की पाळीचे सामान अंगाबरोबर असावे, ते सामान ठेवण्याच्या कपाटात किंवा दुसऱ्या कोणाकडे राहू देऊ नये. उपासमार, झोपेची कमतरता आणि ताण यांमुळे तारीख मागेपुढे होते, म्हणून नेमक्या दिवसावर विसंबून राहू नये.

कोणते साधन घ्यावे

उत्तम साधन असे काही नसते. वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी तुमच्या वाट्याला कोणत्या येतात, त्यावर साधन ठरते.

पाण्याचा भरवसा नसेल पण कचरापेटी मिळत असेल, तर टाकून देण्याचे पॅड हेच सर्वात निर्धोक. चार ते सहा तासांनी पॅड बदलावा. अंगावरून जास्त जात असेल तर त्याआधीही. मानवतावादी मदतीच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांमध्ये दरमहा 15 पॅड हे प्रमाण दिलेले आहे, म्हणजे पाच दिवस धरले तर दिवसाला तीन. माझ्या मते रस्त्यावर राहताना हे प्रमाण अपुरे पडते, कारण तेथे पॅड भरल्यावर बदलता येत नाही; दार मिळेल तेव्हा, पॅड अर्धा कोरडा असला तरी, बदलून घ्यावा लागतो. वीस ते पंचवीस पॅड मिळवण्याचा प्रयत्न करावा आणि त्यांत निदान पाच लांब, रात्रीचे असावेत. सुगंधी पॅड शक्यतो टाळावेत, कारण ज्या त्वचेला दिवसातून एकदाच पाणी लागते तिला त्या सुगंधाने खाज सुटू शकते.

टॅम्पॉन म्हणजे योनीच्या आत घालायची, रक्त शोषणारी गुंडाळी. तो छोटा असतो, खिशात मावतो आणि चालताना मांड्यांना घासत नाही, म्हणून दिवसभर पायपीट करणाऱ्यांना तो आवडतो. त्याचे दोन नियम मात्र मोडून चालत नाहीत : घालताना हात स्वच्छ असले पाहिजेत आणि तो आठ तासांपेक्षा जास्त वेळ आत राहता कामा नये. 1980 च्या सुमारास अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या अनेक स्त्रियांना टॉक्सिक शॉक सिंड्रोम झाला आणि काही दगावल्या. विशिष्ट जिवाणूंचे विष रक्तात मिसळल्याने हा आजार होतो. तो दुर्मीळ आहे, पण ज्या रात्री आपण केव्हा उठू आणि उठल्यावर कोठे जाऊ याची खात्री नसते, त्या रात्री टॅम्पॉन घालून झोपू नये. टॅम्पॉन वापरत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, जुलाब, चक्कर किंवा उन्हाने भाजल्यासारखे पुरळ दिसले, तर टॅम्पॉन काढून टाकून ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि टॅम्पॉन वापरत होते हे तेथे आपणहून सांगावे.

मेन्स्ट्रुअल कपाची, म्हणजे योनीत बसवून रक्त गोळा करणाऱ्या छोट्या लवचिक पेल्याची, शिफारस बेघर व्यक्तींना हल्ली पुष्कळदा केली जाते आणि कागदावर ती बिनतोड दिसते : एक कप अनेक वर्षे टिकतो, बारा तासांपर्यंत आत राहू शकतो, आणि कचरा होत नाही. बारा तास म्हणजे मघाच्या आठ तासांच्या रात्रीवर तो सहज मात करतो. अडचण शिकण्याची आहे. तो नीट बसायला दोन-तीन पाळ्यांचा सराव लागतो, आणि तो सराव बाहेर कोणी दार ठोठावत असताना होत नाही. शिवाय प्रत्येक पाळीनंतर तो काही मिनिटे उकळावा लागतो आणि त्यासाठी चूल व भांडे लागते. ज्या निवाऱ्यात स्वयंपाकघर वापरायला मिळते किंवा जेथे आठवडाभर एकच स्नानगृह हाताशी आहे, तेथे असताना कप शिकून घ्यावा आणि मगच रस्त्यावर त्याचा आधार घ्यावा. उकळण्यासाठी एक स्टीलचा मग वेगळा ठेवावा. ते जमत नसेल तर बाळाच्या बाटल्या निर्जंतुक करण्याच्या गोळ्यांच्या पाण्यात कप बुडवून ठेवता येतो. दिवसा रिकामा करताना पाणी नसेल, तर स्वच्छ टिश्यूने पुसून पुन्हा बसवला तरी चालतो, पुढच्या वेळी मात्र पिण्याच्या पाण्याने धुवावा. गर्भाशयात तांबी बसवलेली असेल, तर कप ओढून काढताना ती सरकण्याची शक्यता असते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे.

कापडाबद्दल बोलताना दोन टोकांची मते ऐकू येतात. काहीजण ते सरसकट घाणेरडे ठरवतात, तर काहीजण निसर्गाच्या जवळचे म्हणून त्याचे गोडवे गातात. खरे पाहता कापडात दोष नाही. ते ओलसर राहिले तर दोष उत्पन्न होतो. स्वच्छ धुतलेले आणि कडक उन्हात पूर्ण वाळलेले सुती कापड सुरक्षित असते. दमट कापड त्वचेला लागून राहिले की जांघेत सोलवटते, बुरशी धरते आणि खाज सुटते. म्हणून कापड किंवा पाळीसाठीच्या जाड चड्ड्या निवडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे उद्या संध्याकाळपर्यंत पूर्ण वाळेल का? उत्तर नाही असे असेल, विशेषतः पावसाळी किंवा गोठवणाऱ्या हवेत, तर ते साधन त्या महिन्यापुरते बाजूला ठेवावे.

पाळीची पिशवी

एक छोटी, गडद रंगाची, चेन लागणारी पिशवी फक्त यासाठीच ठेवावी. तिच्यात दोन दिवस पुरतील इतके पॅड, एक जास्तीची चड्डी, साबणाचा छोटा तुकडा, टिश्यू किंवा मऊ कागद, दोन-तीन घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, दुखण्याची गोळी आणि एक लिटरची रिकामी बाटली असावी. सगळा साठा एकाच ठिकाणी ठेवू नये. सामान चोरीला जाते, भिजते, कधी सफाईच्या वेळी उचलून फेकले जाते. म्हणून दोन पॅड नेहमी अंगावरच्या कपड्याच्या खिशात असावेत. पॅडचे बाहेरचे वेष्टन फाटले की त्यांना दमटपणा लागतो, तेव्हा सुटे मिळालेले पॅड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावेत.

एक लिटर पाण्यात बदलणे

आत गेल्यावर कडी लावावी आणि पिशवी खुंटीला अडकवावी. खुंटी नसेल तर ती गळ्यात घालून पुढे छातीवर घ्यावी, ओल्या जमिनीवर ठेवू नये. पहिल्या काही वेळा घाईत जे चुकते ते असे की जुना पॅड आधी काढला जातो आणि मग रक्ताच्या हातांनी नव्याचे वेष्टन उघडण्याची वेळ येते. म्हणून क्रम उलटा ठेवावा : आधी हात धुवावेत, नवा पॅड उघडून खांद्यावरच्या कापडावर किंवा खिशाच्या तोंडाशी हाताशी येईल असा ठेवावा, कागदाच्या दोन-तीन घड्या करून घ्याव्यात, आणि त्यानंतरच जुना काढावा.

बाटलीच्या प्लास्टिकच्या झाकणाला पिनेने चार-पाच भोके पाडून ठेवली की दाबल्यावर बारीक धार येते आणि पाणी वाया जात नाही. सुमारे पाव लिटर पाणी सुरुवातीला हातांसाठी जाते. मग भांड्यावर बसून एका हाताने बाटली पुढून धरावी, दुसऱ्या हाताने पुढून मागे अशा दिशेने बाहेरचा भाग आणि मांड्यांच्या आतली बाजू धुवावी. त्याला अर्धा लिटर पुरते. मागून पुढे धुतल्यास शौचाच्या जागेचे जंतू लघवीच्या मार्गाकडे येतात. योनीच्या आत साबण, बोट किंवा पाण्याची धार घालू नये, आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो. उरलेले पाव लिटर पुन्हा हातांसाठी राखून ठेवावे. धुतल्यानंतर कागदाने किंवा कापडाने टिपून कोरडे करणे ही पायरी गाळली जाते, आणि मग ओल्या त्वचेवर पॅड लावून दोन तास चालल्यावर मांड्या सोलवटतात.

पाणी अजिबात नसेल तर बिनसुगंधी ओल्या वाइप्सनी पुढून मागे पुसावे. हाताला लावण्याचे सॅनिटायझर तेथे कधीही लावू नये, भयंकर आग होते. हातांना लावले असेल तरी ते पूर्ण उडून गेल्यावरच टॅम्पॉन किंवा कपाला हात लावावा. वापरलेला पॅड गुंडाळून नव्याच्या वेष्टनात बांधावा आणि कचरापेटीत टाकावा. पेटी नसेल तर तो घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून बरोबर न्यावा. भांड्यात टाकला तर निचऱ्याची नळी तुंबते, आणि तुंबलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप लागले की तुमचाच एक थांबा कमी होतो.

काहीच हाताशी नसेल तेव्हा

पाळी अचानक आली आणि पॅड नसला तर जुना सुती टीशर्ट उत्तम. त्याचा दोन वीत लांब आणि तितकाच रुंद तुकडा कापून तिघडी करावी, ती पट्टी लांबीच्या दिशेने मधोमध दुमडावी म्हणजे रुंदी सुमारे चार बोटे होते, आणि मग दोन्ही टोके मध्यावर आणावीत म्हणजे वीतभर लांबीची जाड घडी तयार होते. ती चड्डीत ठेवून वरून कापडाची एक अरुंद चिंधी चड्डीच्या मधल्या पट्ट्याभोवती बांधली की चालताना सरकत नाही. चड्डीच नसेल तर कमरेला एक दोरी किंवा कापडाची पट्टी बांधावी आणि लांब कापड लंगोटीसारखे दोन्ही पायांमधून घेऊन पुढे व मागे त्या पट्टीत खोचावे. स्वच्छ सुती मोजाही घडी घालून चालतो. लहान मुलांचा डायपर मिळाला तर तो पसरून पॅडसारखा लावता येतो, आणि जास्त अंगावरून जाणाऱ्या रात्री तो पॅडपेक्षा सरस ठरतो.

टॉयलेट पेपर हाताभोवती आठ-दहा वेढे देऊन, चपटा करून ठेवावा आणि पुन्हा दोन-तीन वेढे चड्डीच्या पट्ट्यासकट द्यावेत. तो तास-दोन तासांत विरघळू लागतो, त्यामुळे त्याला पॅड मिळेपर्यंतची सोय समजावे. वर्तमानपत्र, पाने, माती, राख आणि गादीतला कापूस वापरू नयेत. कागद, कापूस किंवा स्पंजचा तुकडा टॅम्पॉनसारखा आत घालणे त्याहून धोक्याचे, कारण त्याचे तुकडे आत राहून जातात आणि जंतुसंसर्ग होतो.

रात्र

शेवटचे स्वच्छतागृह बंद होण्यापूर्वी, पॅड कोरडा असला तरी, बदलून घ्यावे. दोन लांब पॅड एकमेकांवर थोडे चढवून, एक पुढे आणि एक मागे असे लावावेत. त्यावर घट्ट, गडद रंगाची चड्डी आणि शक्य असल्यास दुसरी पँट असावी. अंथरुणावर कमरेखाली प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर कापडाची घडी टाकली की झोपण्याची पिशवी किंवा ब्लँकेट वाचते. ते भिजले तर वाळवायला अख्खा दिवस जातो आणि थंडीत तोच खरा धोका असतो. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्याने डाग कमी पडतात आणि ओटीपोटातल्या कळाही थोड्या कमी होतात.

मध्यरात्री बदलावेच लागले तर एकटीने अंधाऱ्या स्वच्छतागृहाकडे जाण्यापेक्षा सोबतीणीला उठवावे. कोणी सोबत नसेल, तर ब्लँकेटखाली किंवा लांब कोटाच्या आत, बसल्या जागी बदलणे जास्त सुरक्षित आहे. त्यासाठी बाजूने उघडणारी किंवा सैल कमरेची पँट, दोन वाइप्स आणि बंद होणारी पिशवी उशाशी ठेवावी. हे अंधारातही हातांना जमायला हवे, म्हणून एकदा दिवसा करून पाहावे.

धुणे आणि वाळवणे

रक्ताचा डाग नेहमी गार पाण्यात धुवावा, गरम पाण्याने तो कापडात पक्का बसतो. गार पाण्यात आधी चोळून रक्त काढावे, मग साबण लावावा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळावे. लगेच धुणे शक्य नसेल तर कापड बंद पिशवीत घालून त्याच दिवशी धुवावे. पिळल्यानंतर ते कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून गुडघ्याने दाबले तर पुष्कळ पाणी टॉवेलमध्ये जाते आणि वाळण्याचा वेळ खूपच कमी होतो. चालताना पाठीवरच्या पिशवीच्या बाहेरच्या बाजूला पिनांनी कापड लावून त्यावर अगदी पातळ ओढणी सोडावी. वारा लागतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काही दिसत नाही. लपवण्यासाठी ओले कापड इतर कपड्यांच्या खाली दडपून ठेवले तर ते वाळत नाही, कुबट होते.

दुखणे आणि अशक्तपणा

गर्भाशयात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे कळा येतात. आयब्युप्रोफेन ही गोळी ती द्रव्ये तयार होण्यालाच आळा घालते, त्यामुळे दुखणे सुरू होताच घेतली तर ती जास्त उपयोगी पडते. प्रौढांसाठी 200 ते 400 मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा, असे तिचे प्रमाण आहे. पण ती रिकाम्या पोटी घेऊ नये, आणि बेघर व्यक्तीचे पोट पुष्कळदा रिकामेच असते. काही खायला मिळाले नसेल, जठरात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा गोळीने बळावणारा दमा असेल, किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असेल, तर पॅरासिटामॉल घ्यावे : 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये निदान चार तास सोडून, आणि 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा आजार किंवा रोजचे मद्यपान असेल, तर पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच घ्यावे. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ओटीपोटावर ठेवल्यानेही आराम पडतो.

एका पाळीत साधारणपणे 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते आणि 80 मिलिलिटरच्या वर गेले तर ते जास्त समजतात. रस्त्यावर कोणी मोजमाप घेऊन बसत नाही, म्हणून खुणा लक्षात ठेवाव्यात : लागोपाठ काही तास दर तासाला पॅड पूर्ण भिजणे, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडणे, किंवा सात दिवसांनंतरही रक्तस्राव न थांबणे. याबरोबर धाप, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असे काही होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय आणि त्यावर लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या घेतल्यावर शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरून गोळ्या सोडू नयेत; चहा-कॉफी मात्र गोळीच्या आगेमागे टाळावी. कुबट किंवा माशासारखा वास, हिरवट स्राव, तापासह ओटीपोटात दुखणे, लघवीला आग ही लक्षणे पाळीचा भाग नाहीत, ती जंतुसंसर्गाची असू शकतात. पाळी कायमची बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर कितीही थोडे असले तरी तपासून घ्यावे.

पाळी आलीच नाही तर

अन्न कमी पडले, वजन घटले किंवा ताण फार झाला की शरीर पाळी थांबवते. पाळी गेली म्हणून सुटल्यासारखे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, पण आधी गर्भधारणेची चाचणी करावी. संबंध आल्यानंतर तीन आठवड्यांनी केलेली चाचणी भरवशाची असते. चाचणी नकारात्मक असूनही तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. संबंध असुरक्षित असेल किंवा जबरदस्ती झाली असेल, तर आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी जितक्या लवकर घ्यावी तितकी चांगली आणि लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी 72 तासांच्या आत घ्यावी. एचआयव्ही टाळण्याचे औषधही 72 तासांच्या आतच सुरू करावे लागते, म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

पाळी कमी करणे किंवा थांबवणे हाही विचारपूर्वक घेण्यासारखा मार्ग आहे. दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन किंवा गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त तांबी वापरल्यावर पुष्कळजणींचा रक्तस्राव खूप कमी होतो, काहींचा थांबतो. सुरुवातीचे काही महिने मात्र तो अनियमित असतो, आणि दार नसलेल्या जागी अनियमित रक्तस्राव नेहमीच्या पाळीपेक्षा जड जातो. रोजच्या गोळ्या हरवतात, भिजतात, चोरीला जातात. म्हणून या परिस्थितीत मी त्यांना शेवटी ठेवीन.

मागायचे कसे

स्कॉटलंडमध्ये 15 ऑगस्ट 2022 पासून स्थानिक प्रशासनांनी गरजू प्रत्येकाला पाळीची साधने मोफत उपलब्ध करून द्यावीत असा कायदा आहे. इतरत्र बहुतेक ठिकाणी ती मागावी लागतात. आरोग्य केंद्रे, निवारे, मदत संस्था, महाविद्यालये आणि काही वाचनालये साठा ठेवतात, पण तो सहसा समोर मांडलेला नसतो. “मला पाळी आली आहे, पॅड हवे आहेत” एवढे वाक्य पुरे. त्यापुढे घर का सुटले, कुटुंब कोठे आहे याची उत्तरे देणे तुम्हाला बंधनकारक नाही. समोर पुरुष कर्मचारी असेल आणि बोलणे जड जात असेल, तर कागदावर लिहून द्यावे. एकेक पॅड देण्याची पद्धत असेल तर रात्रीसाठी आणि सुटीच्या दिवसांसाठी जास्त द्यावेत असे स्पष्ट सांगावे, कारण केंद्र बंद असते तेव्हाही रक्तस्राव चालूच असतो. देणारे पॅड आठवणीने देतात आणि चड्डी विसरतात, म्हणून ती मापासह वेगळी मागून घ्यावी.

पाळी संपली की त्याच दिवशी पिशवी रिकामी करून पुसावी, संपलेले सामान मोजावे, या वेळी किती पॅड लागले ते तारखेच्या शेजारी लिहावे आणि पुढच्या तीन आठवड्यांत तितके, आणि त्यावर पाच, जमवावेत.